तार म्हणजे नुसती रेघ नव्हे

विद्युत अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात फळ्यावर जी पहिली आकृती उमटते, तिच्यात एक बॅटरी असते, एक रेझिस्टर असतो आणि त्या दोघांना जोडणाऱ्या सरळ रेघा असतात. या रेघा म्हणजे तारा, असे सांगितले जाते आणि सगळा वर्ग ते निमूटपणे वहीत उतरवून घेतो. त्या तारांना लांबी नसते, रोध नसतो आणि त्यांच्याभोवती काही घडतही नसते. तारेची दोन्ही टोके हिशेबापुरती एकच बिंदू धरायची असतात. पुढच्या काही वर्षांत हाच अभ्यासक्रम त्या रेघेविषयी केलेले एकेक विधान हळूहळू मागे घेत जातो. आधी तिला थोडा रोध असल्याचे कळते, मग तिच्यात इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असल्याचे कळते आणि शेवटी तर असे कळते की ऊर्जा त्या रेघेतून जातच नव्हती. या शाखेचे खरे शिक्षण या मागे घेण्यात आहे, असे मला आता वाटते, आणि ते आपण फार उशिरा आणि काहीशा संकोचाने देतो, असेही वाटते.

त्या साध्या रेघेचे उपकार मात्र नाकारता येणार नाहीत. जॉर्ज ओमने आपला नियम १८२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि गुस्ताव किर्चहॉफने आपले दोन नियम १८४५ मध्ये मांडले, तेव्हा तो स्वतः विद्यापीठात शिकणारा, अवघ्या एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. एखाद्या बिंदूपाशी जितका प्रवाह येतो तितकाच तिथून निघून जातो, आणि कोणत्याही बंद मार्गाने फिरून मूळ जागी आले की व्होल्टेजची बेरीज शून्य होते, एवढीच ती दोन विधाने आहेत. त्यांच्या जोरावर कितीही गुंतागुंतीचे सर्किट एकसामयिक समीकरणांच्या संचात उतरवता येते, आणि मग उत्तर काढणे ही केवळ चिकाटीची बाब उरते. पहिल्या वर्षी हे हाती आले की जो आत्मविश्वास चढतो, तो पुढे पुन्हा कधी तितका चढत नाही.

त्यातच थेवेनिनचा सिद्धांत येतो. लेऑन शार्ल थेवेनिन हा फ्रेंच तारखात्यातला अभियंता होता. त्याने १८८३ मध्ये हा सिद्धांत मांडला, पण हेल्महोल्ट्झने तोच निष्कर्ष १८५३ मध्ये, म्हणजे तीस वर्षे आधी, काढून ठेवला होता. बॅटऱ्या आणि रेझिस्टर यांचे कितीही मोठे जाळे एका पेटीत बंद केले आणि तिच्यातून दोनच टोके बाहेर काढली, तर बाहेरच्या माणसाला ती पेटी म्हणजे एक बॅटरी आणि तिला जोडलेला एक रेझिस्टर, इतकीच भासते. आत काय आहे ते न पाहण्याची ही अधिकृत मुभा आहे. विद्यार्थी तिच्याकडे गणिते सोडवण्याची युक्ती म्हणून पाहतो, पण अभियंत्याच्या पुढच्या आयुष्यात बहुतेक काम याच मुभेवर चालते, कारण प्रत्येक वस्तूच्या आत शिरून पाहायचे ठरवले तर काहीच उभे राहणार नाही.

पहिला खरा धक्का प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या (एसी), प्रवाहाच्या प्रात्यक्षिकात बसतो. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकसरीत जोडून त्यांना शंभर व्होल्ट दिलेले असतात. रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर धरला की तो ६० दाखवतो. तोच मीटर कपॅसिटरवर धरला की ८० दाखवतो. साठ आणि ऐंशी मिळून एकशे चाळीस होतात, आणि पुरवठा तर शंभराचा आहे. पहिली शंका मीटरवर घेतली जाते, मग जोडणीवर, मग शेजारच्या गटाच्या मीटरवर, कारण त्यांचेही आकडे तसेच आलेले असतात. प्रत्यक्षात ६१ आणि ७९ असे काहीतरी वाचायला मिळते, पण बेरीज काही केल्या शंभरावर येत नाही. मग कोणीतरी कागदावर काटकोन त्रिकोण काढते, ज्याच्या दोन बाजू साठ आणि ऐंशी आहेत, आणि कर्ण बरोबर शंभर भरतो. किर्चहॉफचा नियम मोडलेला नसतो. दोन्ही व्होल्टेज आपापल्या शिखरावर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि मीटर मात्र ती वेळ गाळून फक्त आकार सांगतो, म्हणून साधी बेरीज फसते.

या त्रिकोणाला शिस्त लावण्याचे मोठे श्रेय चार्ल्स स्टाइनमेट्झकडे जाते. त्याने १८९३ मध्ये शिकागो येथील विद्युत परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात प्रत्यावर्ती प्रवाहाची गणिते संमिश्र संख्यांनी कशी करावीत हे दाखवले. त्यापूर्वी जे काम अवकल समीकरणांनी करावे लागे, ते त्यानंतर बीजगणिताने होऊ लागले. गणिताचे लोक उणे एकच्या वर्गमुळाला 'आय' म्हणतात आणि आम्ही 'जे' म्हणतो, कारण 'आय' हे अक्षर प्रवाहाने आधीच अडवलेले आहे. शाळेत ज्या संख्येला काल्पनिक म्हणून हिणवले होते, ती इथे कपॅसिटरच्या टोकांवर मोजता येते, यात जी गंमत आहे ती परीक्षेच्या घाईत बहुतेकांच्या हातून निसटून जाते. वर्गात 'जे' गुणले की नव्वद अंशांनी फिरवायचे, एवढे पाठ होते आणि पुढचा धडा सुरू होतो.

या काळात एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतेच. बॅटरी जोडताक्षणी किती प्रवाह निघायचा हे जर दूर टोकाला बसवलेल्या रेझिस्टरवर अवलंबून असेल, तर पुढे काय बसवले आहे हे निघणाऱ्या प्रवाहाला आधीच कसे कळते? बहुतेक ठिकाणी याला नळातल्या पाण्याचे उदाहरण देऊन वाटेला लावले जाते: नळी आधीपासून पाण्याने भरलेली असते, एका टोकाने ढकलले की दुसऱ्या टोकाने बाहेर येते. पाण्याचे उदाहरण पहिले काही आठवडे चांगले चालते, म्हणून मला त्याचा राग नाही. पण तुटलेल्या नळीतून पाणी सांडते आणि तुटलेल्या तारेतून वीज सांडत नाही, इथेच त्याची हद्द दिसते. आणि दोन गुंडाळ्यांचा एकमेकींना स्पर्शही नसताना एकीतला बदल दुसरीत व्होल्टेज उत्पन्न करतो, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले सत्य त्या नळीत कुठेच बसवता येत नाही.

तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या चालीचा हिशेब केला की तो प्रश्न आणखी टोकदार होतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेसुद्धा पुढे सरकत नाहीत. एक मीटर अंतर कापायला त्यांना साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. पन्नास हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात तर ते कुठे जातच नाहीत. तेवढ्याच प्रवाहाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागेपुढे हलत राहतात. विद्युतकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन आपल्या दिव्यापर्यंत येतो, ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. हा हिशेब पाच ओळींचा आहे, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी तो एकदाही केलेला नसतो.

गणिताविषयी फार लिहीत नाही. फूरिये, लाप्लास, झेड रूपांतर, मॅट्रिक्स, संभाव्यता हे सगळे ओळीने येते आणि ज्या वर्षी येते त्या वर्षी ते कशासाठी आहे हे कळत नाही. कोणताही आवर्ती तरंग साध्या साइन तरंगांच्या बेरजेने उभा करता येतो, हे फूरियेचे म्हणणे त्याच्या काळी लाग्रांजसारख्या गणितज्ञालाही पटले नव्हते. मग अठरा वर्षांच्या मुलामुलींना ते पहिल्या वाचनात पटले नाही तर त्यात नवल कसले? माझ्यापुरते ते ऑसिलोस्कोपने पटवले. चौकोनी तरंग एका साध्या फिल्टरमधून नेला, वरच्या वारंवारता गाळून टाकत गेले, आणि पडद्यावरचे धारदार कोपरे एकेक करून गोल होत जाऊन शेवटी नुसती साइन लाट उरली. सिद्धता ती नव्हे, पण त्यानंतर पुस्तकातली सिद्धता वाचण्यात रस वाटू लागला. (या शाखेचे विद्यार्थी असल्याचे कळताच ओळखीचे लोक बिघडलेली उपकरणे पुढे करतात आणि त्या वेळी फूरियेचा काही उपयोग होत नाही, हेही नमूद करायला हवे.)

यंत्रांच्या प्रयोगशाळेचे वातावरण सर्किटच्या प्रयोगशाळेहून अगदी निराळे असते. तिथे आवाज असतो, तापलेल्या वॉर्निशचा वास असतो, आणि जमिनीत पक्क्या बसवलेल्या अशा वस्तू असतात की ज्यांच्याजवळ सैल बाही चालत नाही. डीसी शंट मोटरचे फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र उभे करणाऱ्या गुंडाळीचे सर्किट, चालू असताना तोडायचे नाही, कारण तिचा वेग बेफाम वाढू शकतो. करंट ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम सर्किट उघडे ठेवायचे नाही, कारण तिथे घातक व्होल्टेज तयार होते. ही वाक्ये आम्हाला प्रयोगाच्या आधी म्हणून दाखवावी लागत, आणि त्यांची कारणे समीकरणात सापडतात हे नंतर उमगत असे. तोपर्यंत कागदावर चुकलेल्या चिन्हाची शिक्षा फार तर एक गुण असते. इथे तेच चिन्ह फ्यूज उडवते.

त्या प्रयोगशाळेतला मला सर्वांत आवडलेला प्रयोग म्हणजे अल्टरनेटर (प्रत्यावर्ती वीज निर्माण करणारे यंत्र) चालू पुरवठ्याशी समकालिक करून जोडणे. आपले यंत्र डीसी मोटरने फिरवायचे, त्याचे व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजइतके आणायचे आणि वारंवारता जवळजवळ सारखी करायची. जोडणीच्या स्विचच्या तिन्ही फेजवर एकेक दिवा लावलेला असतो. फेजचा क्रम बरोबर असेल तर तिन्ही दिवे एकदम उजळतात आणि एकदम विझतात; क्रम उलटा असेल तर ते एकामागून एक उजळत फिरल्यासारखे दिसतात, आणि मग यंत्र थांबवून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी लागते. क्रम जुळल्यावर वेग अगदी थोडा थोडा बदलत जायचे, की दिव्यांची उघडझाप संथ होत जाते. दोन वारंवारतांमधला फरक जितका, तितक्या वेगाने दिवे मिचकावतात, म्हणून फरक हर्ट्झच्या छोट्याशा अंशावर आला की एक संपूर्ण उजेड-अंधार व्हायला कित्येक सेकंद लागतात. अंधाराच्या अगदी मध्यावर स्विच पाडायचा असतो, आणि तो मध्य ओळखणे कठीण असते, कारण दिव्याला उजेड देण्याइतके नसलेले, पण धक्का देण्याइतके असलेले व्होल्टेज अंधारातही शिल्लक असू शकते. म्हणूनच पुढे सिंक्रोस्कोप नावाचा काटा फिरणारा मीटर वापरतात. नेमक्या क्षणी स्विच पडला तर काहीच घडत नाही: यंत्राचा सूर बदलत नाही आणि अँमीटरचा काटा जागचा हलत नाही.

त्यानंतर जे घडते ते मात्र मला आजही विलक्षण वाटते. जोडण्याआधी मोटरचा रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रोध) फिरवला की वेग बदलत होता आणि अल्टरनेटरचे उद्दीपन (त्याचे चुंबकीय क्षेत्र उभे करणारा प्रवाह) वाढवले की व्होल्टेज वाढत होते. आता तोच रिओस्टॅट फिरवला तर वेग ढिम्म हलत नाही, कारण तो वेग आता बाहेरच्या सबंध जाळ्याने ठरवलेला आहे. त्याऐवजी वॉटमीटरचा काटा सरकतो आणि आपले यंत्र जाळ्याला शक्ती देऊ लागते. उद्दीपन वाढवले तर व्होल्टेज जवळजवळ जिथल्या तिथे राहते आणि प्रतिघाती शक्ती, म्हणजे काम न करता नुसती मागेपुढे होत राहणारी शक्ती, बदलते. हात त्याच मुठींवर आहेत, पण त्या फिरवण्याचा अर्थ एका स्विचने पालटला आहे. एखाद्या वस्तूचे वागणे ती कशाला जोडली आहे यावर अवलंबून असते, हे थेवेनिनच्या पेटीतले म्हणणे इथे कित्येक किलो लोखंडाच्या रूपात समोर फिरत असते.

मग विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा विषय येतो, ज्याची धास्ती वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे वारशाने दिली जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६५ च्या निबंधात वीस समीकरणे लिहिली होती. आज जी चार समीकरणे पाठ केली जातात, त्यांना तो सुटसुटीत पोशाख ऑलिव्हर हेविसाइड आणि त्याच्या समकालीनांनी चढवला. हेविसाइड मुळात तार ऑपरेटर होता आणि विद्यापीठाचे तोंड न पाहता त्याने हे सारे गणित स्वतःच आत्मसात केले होते. इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) आणि इंडक्टन्स हे रोजच्या वापरातले शब्दही त्याचेच. याच सुमारास, १८८४ मध्ये, जॉन हेन्री पॉइंटिंगने दाखवून दिले की ऊर्जा तारेच्या पोटातून वाहत नाही, ती तारेभोवतीच्या क्षेत्रातून वाहते आणि तार तिला फक्त दिशा दाखवते. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पहिल्या सत्राची वही उघडून ती बॅटरी, तो रेझिस्टर आणि त्या रेघा पुन्हा पाहिल्या. आकृतीत सारा मजकूर रेघांवर होता, आणि पॉइंटिंगच्या म्हणण्याप्रमाणे घडामोडी सगळ्या रेघांमधल्या कोऱ्या जागेत चालल्या होत्या.

इथे किर्चहॉफचे नियम खोटे ठरत नाहीत. त्यांची हद्द आखली जाते. सर्किटचा आकार तरंगलांबीच्या मानाने लहान असेल, साधारण दहाव्या भागाहून कमी, तोवर तारेला रेघ मानणे बिनधोक असते. पन्नास हर्ट्झची हवेतली तरंगलांबी सहा हजार किलोमीटर असते, म्हणून इमारतीच्या वायरिंगमध्ये हा प्रश्न कधीच उठत नाही. एक गिगाहर्ट्झला तीच तरंगलांबी तीस सेंटिमीटर होते, आणि मग तळहाताएवढ्या सर्किट बोर्डावरची तांब्याची पट्टीसुद्धा रेघ राहत नाही.

ही हद्द न ओळखल्याची किंमत इतिहासात मोजली गेलेली आहे. अटलांटिक महासागराखालून १८५८ मध्ये पहिली तार-केबल टाकण्यात आली, तेव्हा विल्यम थॉमसनने, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, आधीच बजावले होते की लांब केबलमध्ये संदेश पसरट होत जातो आणि विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रकल्पाचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याला ते मान्य नव्हते. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचवायला सुमारे सोळा तास लागले. व्हाइटहाउसने संदेश रेटण्यासाठी सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत व्होल्टेज लावले आणि आधीच कमकुवत असलेली ती केबल काही आठवड्यांत निकामी झाली. व्होल्टेज वाढवले की प्रवाह वाढतो, हा पहिल्या सत्रातला नियम. तो जिथे पुरत नव्हता तिथे तोच आणखी जोराने वापरला गेला. टिकाऊ केबल १८६६ मध्ये पडली, आणि तारेचे पूर्ण गणित हेविसाइडने त्यानंतर मांडले.

हे सगळे एका टेबलावर पाहता येते. शंभर मीटर कोअॅक्सिअल केबलचे रीळ घ्यायचे, पन्नास ओहमची, आणि तिच्या एका टोकाला पल्स जनरेटर व ऑसिलोस्कोप जोडायचा. दुसरे टोक उघडे ठेवून काही दशांश मायक्रोसेकंदांहून बारीक पल्स सोडली, की पडद्यावर आधी ती पल्स दिसते आणि साधारण एक मायक्रोसेकंदाने तिची थोडी खुजी, कडा झिजलेली प्रतिमा परत आलेली दिसते. केबलमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशे मीटरला तेवढाच वेळ लागायला हवा. आता दूरचे टोक शॉर्ट करा, म्हणजे परत येणारी पल्स उलटी होते. त्या टोकाला पन्नास ओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे काहीच परत येत नाही. पहिल्या मायक्रोसेकंदात मात्र तिन्ही वेळा जनरेटरला अगदी एकच गोष्ट दिसते: पन्नास ओहम. टोकाला काय आहे हे निघणाऱ्या प्रवाहाला कळत नसते. तो केबलच्या स्वतःच्या इम्पीडन्सनुसार निघतो, टोकाशी काय आहे ते जाऊन पाहतो आणि बातमी घेऊन परततो. जमिनीखालच्या केबलमध्ये नेमका कुठे बिघाड आहे, हे खणल्याशिवाय शोधायची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

माझे म्हणणे एवढेच, की हा प्रयोग तिसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या सत्रात, किर्चहॉफच्या नियमांनंतर लगेच दाखवावा. यावर शिक्षकांची हरकत ठरलेली आहे: मुलांना आंशिक अवकल समीकरणे येत नाहीत, मग स्पष्टीकरण काय देणार? समीकरण नंतर द्यावे. परत आलेली पल्स पाहायला आणि वेळ मोजायला गुणाकार-भागाकार पुरतो. दुसरी हरकत अधिक वजनाची आहे, ती म्हणजे नुकताच शिकवलेला नियम डळमळीत केला तर नवखा विद्यार्थी कशावरच विसंबणार नाही. त्यासाठी मी प्रयोगात आणखी एक पायरी ठेवीन. पल्सऐवजी एक पायरीसारखे व्होल्टेज द्यायचे, दूरच्या टोकाला दोनशे ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि जनरेटरच्या बाजूला पन्नासऐवजी दहा ओहम ठेवायचे, म्हणजे दोन्ही टोकांवरून प्रतिध्वनी येत राहतात. पडद्यावरचे व्होल्टेज काही मायक्रोसेकंद खालीवर उसळते, प्रत्येक उसळी आधीच्याहून लहान होत जाते, आणि शेवटी ते एका पातळीवर स्थिरावते. ती पातळी कोणती, हे विद्यार्थ्यांनी आधीच ओमच्या नियमाने, तारेला निव्वळ रेघ मानून, काढून ठेवायचे, तिच्यात केबलच्या स्वतःच्या रोधाचे दोन-चार ओहम जमेस धरायचे आणि मग पडद्याशी ताडून पाहायचे.